जुन्या मोटारसायकलची टाकी: आधी पोट, मग पाठ

जुनी गाडी हाती आली की माणूस पहिल्यांदा रंगाच्या दुकानात जातो. मीही गेलो होतो. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत शिरली, तेव्हा आमच्या तात्यांची राजदूत टाकीच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती. पूर ओसरल्यावर कुणी तिच्याकडे बघितलं नाही. पुढच्या वर्षी मी ती ओढून आणली, टाकी घासून घेतली आणि झकास मरून रंग मारून घेतला. तीन महिन्यांत कॉकच्या, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीच्या, शेजारी रंगाला फोड आला. नखानं दाबला तर बोटाला पेट्रोलचा वास. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मिस्त्रींना टाकी दाखवली. त्यांनी ती कानाशी धरून हलवली. आत वाळूसारखं काहीतरी सरकलं. म्हणाले, "आरं, रंगाचं नंतर बघ की. आधी पोटात काय हाय ते बघ."

त्यानंतर स्वतःच्या आणि दोस्तांच्या मिळून काही टाक्या केल्या. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला उपयोगी पडेल ते क्रमानं सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे. रंग शेवटी येतो.

कधी सुरू करायचं

दिवाळी झाल्यापासून मे महिन्यापर्यंत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे काम काढू नका. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की गंज काढलेला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. रंगातही ओल धरते आणि चकाकी दुधाळ होते. डेंटिंग-पेंटिंगवाला आषाढात "दोन दिवसांत देतो" म्हणाला, तर त्याच्या बोलण्यावर नाही, हवेवर विश्वास ठेवा.

वेळ किती लागेल? आतलं काम दोन शनिवार-रविवार. बाहेरचं काम लांबी (पोचे बुजवायची पुट्टी), घासणं, वाळवणं धरून तीन आठवडे. जास्तीत जास्त वेळ वाट बघण्यातच जातो.

टाकी उतरवणं

कॉक बंद करा, नळी काढा, उरलेलं पेट्रोल झाकणाच्या कॅनमध्ये घ्या. सीट काढली की बहुतेक जुन्या गाड्यांची टाकी मागं एका बोल्टवर आणि पुढं रबरी गुटक्यांवर बसलेली दिसते. बोल्ट काढून मागून थोडी उचलून ओढायची. रबर चिकटलेलं असलं तर हिसका देऊ नका, कडेनं थोडं साबणाचं पाणी सोडा.

मग कॉक, झाकण, बिल्ले, गुडघ्याचे रबर असं सगळं उतरवा. उतरवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. पट्टा कुठून सुरू होतो, बिल्ला किती खाली आहे, हे दोन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. पट्ट्यांची रुंदी पट्टीनं मोजून कागदावर लिहून ठेवा.

गाडीचा रंग बदलायचा विचार असेल तर तो आत्ताच पक्का करा. आरसी बुकात रंग लिहिलेला असतो. वेगळा रंग द्यायचा तर आरटीओकडे त्याची नोंद करून घ्यावी लागते.

बॅटरी मारून बघा

बारीक बॅटरी टाकीत सोडा किंवा मोबाइलचा उजेड तोंडातून आत टाका. तीन प्रकार दिसतील.

पहिला: राखाडी पत्रा आणि वर तपकिरी, गोंदासारखा थर. हा गंज नव्हे. पेट्रोल वर्षानुवर्षं सुकून झालेला चिकटा आहे. राजदूत, येझदी अशा टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून भरायचे, त्यामुळे त्यांच्या टाकीत हा थर जाड असतो. तो धुवायला कटकटीचा, पण त्याच ऑइलनं पत्रा राखलेला असतो. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीच्या टाकीला हे कवच मिळालेलं नसतं.

दुसरा: हाताला पूड लागेल असा केशरी गंज. घाबरू नका, तो निघतो.

तिसरा: पापुद्रे सुटलेले, काळपट-तपकिरी खपल्या, विशेषतः तळाशी. टाकीतलं पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, जोडाच्या शिवणीत जाऊन बसतं. म्हणून भोकं तिथंच पडतात. खालच्या शिवणीवर बोटाच्या पेरानं टकटक करत फिरा. चांगला पत्रा टणक वाजतो, गेलेला भद्द. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच दाबून बघा. पत्रा दबला तर लिंबूसत्त्व आणण्याआधी वेल्डरला विचारा.

पुरातली टाकी असेल तर हे सगळं बघण्याआधी आत नळीचं पाणी सोडून गाळ काढा. पंचगंगेचा गाळ वाळला की सिमेंटसारखा बसतो. मी दोन रात्री पाणी भरून ठेवलं, तेव्हा कुठं सुटला.

आगीविषयी, एकदाच पण नीट

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची असते. पातळ पेट्रोल जळतं, पण स्फोट होतो तो वाफ आणि हवा यांच्या मिश्रणाचा. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की ठिणगी पुरे. ही वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, त्यामुळे "थंडीचे दिवस आहेत" या म्हणण्याला अर्थ नाही. शिवाय ती हवेपेक्षा जड असते. जमिनीलगत सरकत जाऊन कोपऱ्यातल्या गॅसच्या शेगडीपर्यंत किंवा देवघरातल्या समईपर्यंत पोचू शकते.

म्हणून काम अंगणात किंवा गच्चीवर करा, बंद खोलीत नाही. जवळ ग्राइंडर, बिडी, शेगडी काही नको. टाकी पूर्ण धुऊन होईपर्यंत हेअर ड्रायर किंवा हीट गन तिच्या तोंडाशी नेऊ नका. रात्रभर झाकण उघडं ठेवलं म्हणजे वाफ गेली, असं समजू नका. तो चिकट थर तासन्‌तास वाफ सोडत राहतो.

तेलकट थर

नवखा माणूस इथं घाई करतो आणि इथंच फसतो. आम्ल तेलकट थरातून आत शिरत नाही. तो काढल्याशिवाय लिंबूसत्त्व ओतलं तर काही ठिकाणी पत्रा चकचकीत होतो आणि शेजारी तपकिरी नकाशे तसेच राहतात. मग माणूस म्हणतो, लिंबूसत्त्वात दम नाही.

आधी लिटरभर डिझेल किंवा रॉकेल घालून टाकी पाच-दहा मिनिटं सगळ्या बाजूंना कलती करत खळबळवा. ओतून घ्या आणि पुन्हा करा. मग उकळतं नव्हे पण चांगलं कडकडीत पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा आणि भांड्याचं लिक्विड. काठोकाठ भरून दोन तास राहू द्या. हे दोन-तीनदा करावं लागतं. निघणाऱ्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसायचा बंद झाला की झालं. हातात रबरी मोजे असू द्या. सोडा कातडी सोलतो.

धुतलेलं डिझेल-रॉकेल गटारात सोडू नका. आपल्याकडचं गटार शेवटी कुठल्या ना कुठल्या नाल्यातून पंचगंगेलाच मिळतं. बाटलीत भरून गॅरेजला द्या, तिथं चेन धुवायला ते लागतंच.

नट-बोल्ट आणि वाकळ

खपल्या असतील तरच हे करा, नुसती पूड असेल तर ही पायरी सोडून द्या. टाकीत मूठभर छोटे नट टाकायचे, थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि हलवायचं. नट सहाकोनी आणि टोकदार कडांचे असावेत. गोल गोट्या नुसत्या घरंगळतात. खडी आणि वाळू टाकू नका, शिवणीत अडकलेला खडा पुढं कॉकमध्ये येतो.

नट मोजून टाका आणि मोजून काढा. मी पहिल्यांदा "अंदाजे चाळीस" टाकले होते. एकोणचाळीस निघाले. चाळिसावा नट खरंच होता की नव्हता, या विचारात मी टाकी उलटी धरून अर्धा दिवस घालवला. शेवटी चुंबकाला दोरी बांधून आत फिरवला, तेव्हा तो मागच्या कोपऱ्यात सापडला.

हातानं हलवून दंड भरून येतात. आमच्या एका दोस्तानं टाकी जुन्या वाकळीत गुंडाळून बांधकामावरच्या सिमेंट मिक्सरच्या ड्रममध्ये दोऱ्यांनी आवळली आणि अर्धा तास फिरवली. बाहेरून एक ओरखडा नाही. वाकळ जाड हवी आणि गाठी घट्ट हव्यात, एवढंच.

इथं कोल्हापूरकराला एक मोह हमखास होतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कुणी ना कुणी ओळखीचा असतोच आणि तिथं शॉट ब्लास्टिंगचं मशिन असतं. "दे पाठवून, पाच मिनिटांत पांढरी होऊन येईल." ते मशिन ओतीव लोखंडासाठी आहे. टाकीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. छर्‍यांचा मारा बसला की तो ताणतो, लाटा येतात आणि त्या कुठल्याच लांबीनं सरळ होत नाहीत. टाकीला ते दाखवू नका.

लिंबूसत्त्व

गंज काढण्याचे अनेक उपाय आहेत. नवख्यानं लिंबूसत्त्वच वापरावं, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपण मेवामिठाईत, सरबतात घालतो तेच. लक्ष्मीपुरीत घाऊक किराणा दुकानात किलोनं मागा. ते गंजावर आधी काम करतं आणि चांगल्या पत्र्यावर सावकाश. चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो.

संडास धुवायचं ॲसिड घालायचा सल्ला हमखास कुणीतरी देईल. ते हायड्रोक्लोरिक असतं. गंज पंधरा मिनिटांत जातो खरा, पण पाठोपाठ पत्राही जातो. वाफा छातीत बसतात. उरलेले क्लोराइड शिवणीत राहून पुढची दोन वर्षं गंज चढवत राहतात. नको.

कृती अशी. कॉकच्या भोकाला पत्र्याची पट्टी आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून बोल्टनं बंद करा. खरा कॉक लावून ठेवू नका. त्याचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं आणि आम्ल ते खाऊन टाकतं. बारा-तेरा लिटरच्या टाकीला एक किलो लिंबूसत्त्व धरा. आंघोळीच्या पाण्यापेक्षा थोड्या जास्त गरम पाण्यात ते बादलीत विरघळवा आणि मग टाकी अगदी तोंडाच्या कडेपर्यंत भरा. गंज मानेतही असतो. अर्धी भरून ठेवली तर पाण्याच्या रेघेवर कायमचा पट्टा उमटतो.

झाकण घट्ट लावू नका, नुसतं कापड टाका. आत हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, त्यांना वाट हवी. बाहेरचा मूळ रंग वाचवायचा असेल तर तोंडाभोवती चांगलं जाड व्हॅसलीन चोपडा आणि प्लॅस्टिक बांधा.

सहा तासांनी थोडं पाणी काढून आत बघा. पाणी पिवळसर-हिरवट झालेलं असेल. बऱ्याचशा टाक्या १२ ते २४ तासांत साफ होतात. त्यानंतरही डाग राहिले तर द्रावण फेकून नवं करा, जुनंच आणखी दोन दिवस ठेवू नका. मी एकदा लग्नाला गेलो आणि टाकी चार दिवस तशीच राहिली. परत आलो तर खालच्या शिवणीत सुईच्या अग्राएवढी दोन भोकं पडली होती. तिथला पत्रा आधीच कागदासारखा झाला होता हे खरं. पण चोवीस तासांत ओतलं असतं तर आणखी काही वर्षं गेली असती.

आपल्या भागात एक जुना उपाय सांगतात: मळी, म्हणजे साखर कारखान्यात उरणारा काळा पाक. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी. दोन-तीन आठवडे ठेवलं की गंज सुटतो. ही थाप नाही. मळीतले सेंद्रिय घटक गंजातलं लोह धरून ठेवतात आणि पत्र्याला फारसा धक्का लावत नाहीत. पण कारखान्याच्या मळीचा व्यवहार परवान्याखाली चालतो, कुणी बादलीभर सहज देत नाही. आणि ती आंबली की वासानं शेजारी भांडायला येतात. गुऱ्हाळातली काकवी वापरायची म्हणाल, तर ती भाकरीबरोबर खा.

विजेवर गंज काढायची पद्धतही चांगली आहे. टाकीत धुण्याच्या सोड्याचं पाणी भरायचं, दहा लिटरला तीन-चार मोठे चमचे. मध्ये लोखंडी सळी टांगायची, ती टाकीला कुठंही टेकता कामा नये. बारा व्होल्टच्या साध्या चार्जरची धन तार सळीला, ऋण तार टाकीला. उलटं जोडलं तर टाकीच विरघळेल. स्टेनलेसची सळी वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून मोकळ्या हवेत करायचं आणि चिमटे काढण्याआधी बटण बंद. हे तुमच्या तिसऱ्या टाकीला करा, पहिल्या नको.

पहिला अर्धा तास

आम्ल ओतून दिल्यावरचा अर्धा तास या सगळ्या कामात मोलाचा. आत्ता पत्रा नागडा आहे. हवा आणि ओल लागली की डोळ्यांदेखत तांबडी झाक चढते. म्हणून पुढचं सगळं सामान हाताशी मांडून मगच टाकी उलटी करा.

एकदा साध्या पाण्यानं विसळा. मग काठोकाठ पाण्यात दोन मुठी खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं ठेवा, म्हणजे शिवणीतलं उरलेलं आम्ल मरतं. ओतलेल्या आम्लाच्या बादलीतही सोडा टाका. फसफसणं थांबलं की मग ते सोडून द्या. पुन्हा विसळा. शेवटचं पाणी जितकं गरम हाताळता येईल तितकं गरम हवं. गरम पत्रा स्वतःच्या उष्णतेनं पटकन वाळतो, गार पाण्यानं धुतलेला दिवसभर ओला राहतो.

पाणी निथळलं की लगेच ब्लोअर किंवा हेअर ड्रायर कॉकच्या भोकातून लावा, तोंड उघडं ठेवा, टाकी फिरवत राहा. आता आत पेट्रोल नाही, त्यामुळे चालेल. लवकर वाळावं म्हणून आत स्पिरिट ओतलं असेल तर मात्र ड्रायर लांब ठेवा आणि ते उघड्यावर उडून जाऊ द्या.

पूर्ण वाळल्यावर दोन वाटा आहेत. आतून लेप द्यायचा नसेल तर १०० मिलिलिटर टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल आत टाका, टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा आणि झाकण लावून ठेवा. लेप द्यायचा असेल तर तेलाचा थेंबही नको.

भोकं

आता हवेची चाचणी. कॉकचं भोक बंदच आहे. तोंडावर ट्यूबचं रबर आणि लाकडी फळी आवळा, वाल्व्हमधून सायकलच्या पंपानं दोन-तीन हलके दट्टे द्या. एवढं पुरे. गॅरेजचा कॉम्प्रेसर लावू नका. टाकी फुग्यासारखी फुगते आणि ती पुन्हा बसत नाही. शिवणीवर, कॉकच्या बसकीवर, मागच्या कानावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तिथं मार्करनं गोल करा.

सुईएवढं भोक असेल तर डाख देऊन बंद होतं. शिवणीतली चीर असेल तर पितळी डाख किंवा गॅस वेल्डिंग. हे काम स्वतः करू नका, आणि टाकी कधी केलेली नसेल अशा ग्रिलवाल्याकडेही देऊ नका. रेडिएटर आणि टाक्यांचं काम करणारा माणूस शोधा. तो टाकीत पाणी भरतो आणि भोकापुरतीच जागा मोकळी ठेवतो, किंवा आत अर्गॉन सोडतो. "काय होत नाही, रिकामीच हाय" असं म्हणणाऱ्यासमोरून टाकी उचला आणि चालू लागा. डाखाला वापरलेला फ्लक्स गंज चढवतो, म्हणून घरी आणल्यावर सोड्याच्या पाण्यानं पुन्हा एक धुणं.

मोठ्या भोकांवर एम-सील थापून वर रंग मारलेल्या टाक्या मी पाहिल्यात. त्या पुढच्या मालकाला विकण्यासाठी केलेल्या असतात.

आतला लेप द्यायचा का?

माझं उत्तर बहुतेक वेळा नाही. पत्रा शाबूत असेल तर स्वच्छ पत्रा, तेलाचा हात आणि नेहमी भरलेली टाकी, एवढं पुरतं. गंजावर किंवा तेलकट जागी दिलेला लेप वर्षा-दोन वर्षांत पापुद्र्यांनी सुटतो. ते पापुद्रे कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतात. गंज निदान विरघळवता येतो, सुटलेला लेप टाकीतून काढणं हे नरकाचं काम आहे.

तरीही शिवण बारीक झाली असेल, भोकं बुजवून घेतली असतील, तर लेप द्यावा. विकत घेताना एकच प्रश्न विचारा: इथेनॉलला टिकतो का? भारतात पेट्रोलमधलं इथेनॉल २०२२ च्या जूनमध्ये १० टक्क्यांवर पोचलं. २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. जुन्या पद्धतीचे बरेच लेप इथेनॉलनं मऊ पडतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली आणि पाणी एका हद्दीपलीकडे गेलं की इथेनॉल पाण्याला घेऊन पेट्रोलपासून फुटतं आणि तळाशी बसतं. म्हणजे पुन्हा तीच शिवण. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच टाक्या खातंय, यावर कट्ट्यावर बरीच चर्चा होते. ऊसही आपलाच आणि गाडीही आपलीच, त्यामुळे शेवटी कुणी फार बोलत नाही.

लेप ओतल्यावर टाकी दर पाच मिनिटांनी नवीन बाजूवर फिरवा, जादा लेप नीट निथळून घ्या आणि कॉकच्या भोकात व आट्यांत तो साचू देऊ नका. डब्यावर लिहिलेले वाळवायचे दिवस पूर्ण होऊ द्या.

पोचे आणि लांबी

आता बाहेर. रंग काढणारं केमिकल लावून किंवा ८० नंबरच्या पेपरनं पत्र्यापर्यंत या. काढलेला रंग बघत जा. आमच्या राजदूतवर मरूनखाली काळा, काळ्याखाली निळा आणि निळ्याखाली मूळचा लाल निघाला. ही राजदूत म्हणजे पोलंडच्या एसएचएल एम ११ वरून घेऊन एस्कॉर्ट्सनं इथं बांधलेली १७३ सीसीची गाडी. आमच्या तात्यांच्या काळात दुधाची किटली बांधायला तिच्यासारखी दुसरी नव्हती. टाकीच्या दोन्ही कुशींना किटलीच्या कानाचे पोचे होते. डावीकडचा मी मुद्दाम ठेवला.

उथळ पोचा गरम गोंद लावून ओढायच्या हत्यारानं बराचसा वर येतो. खोल असेल तर डेंटरकडे द्या. लांबी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड भरायची नाही. जाड लांबी इंजिनच्या थरथरीनं तडकते.

उघड्या पत्र्यावर आधी एपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, घासणं, मग सरफेसर (रंगाआधीचा, घासून सपाट करायचा थर), अशा क्रमानं गेलात तर लांबीखाली गंज चालत नाही. लांबी १८० नं उतरवा, ३२० नं सफाई. डोळ्यांपेक्षा हात खरा. तळव्याखाली पातळ सुती कापड धरून फिरवा, नागड्या बोटांना न कळणारी लाट कापडातून कळते. सरफेसरवर काळ्या रंगाचा नुसता धुरळा उडवा आणि ६०० च्या वॉटर पेपरनं घासा. काळे ठिपके राहिले तिथं खड्डा आहे.

रंग

स्प्रेच्या डब्यातला साधा रंग टाकीवर टिकत नाही. पेट्रोलचा एक ओघळ पडला की तो सुरकुततो. वरचा क्लिअर कोट हार्डनर घालायचा, म्हणजे पीयूचाच (पॉलियुरेथेनचा) हवा. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो. रुमाल बांधून मारायचा हा रंग नाही. रंगाच्या वाफेसाठीचा फिल्टरवाला मास्क नसेल तर हे काम बूथ असलेल्या पेंटरला द्या. मी तेच करतो. माझ्या हातून झालेलं आतलं काम आणि त्याच्या हातचं वरचं, यात मला कमीपणा वाटत नाही.

पेंटरला टाकी देताना दोन गोष्टी बजावा. तोंडाच्या आतल्या कडेपर्यंत क्लिअर आला पाहिजे, कारण पेट्रोल भरताना पहिला थेंब तिथंच सांडतो. आणि स्टिकर असतील तर ते क्लिअरच्या खाली. पट्टे हातानं ओढायचे असतील तर गावात नंबरप्लेट आणि ट्रकमागच्या ओळी लिहिणाऱ्यांपैकी जुना हात शोधा. अशा माणसाची एक ओढ टेपच्या दहा प्रयत्नांपेक्षा सरळ येते.

रंग वाळला असं वाटलं तरी आठ-दहा दिवस टाकीला पेट्रोल, मेण, पॉलिश काही लावू नका.

परत बसवताना

खाली रबरी गुटके नवे घाला, नाहीतर नवा रंग फ्रेमवर घासून जातो. कॉकचे वॉशर आणि जाळी नवी. जुनं कॉर्क आणि रबर २० टक्के इथेनॉलमध्ये फुगतं किंवा चुरा होतं. पेट्रोलची नळीही बदला.

झाकणातलं हवेचं बारीक भोक तारेनं मोकळं करा. ते बुजलेलं असलं की दहा-पंधरा किलोमीटरवर गाडी गचके खाऊन बंद पडते आणि झाकण उघडताच फुस्स आवाज येऊन पुन्हा सुरू होते. अशा गाड्यांची कार्बोरेटरं लोक उगाच तीन-तीनदा खोलून घेतात.

कॉक आणि कार्बोरेटरच्या मध्ये पहिले दोन महिने पारदर्शक फिल्टर लावा. दोन लिटर पेट्रोल भरून गाडी तशीच रात्रभर उभी ठेवा, खाली वर्तमानपत्र पसरून. सकाळी कागदावर डाग नसला तर टाकी भरून घ्या आणि पन्हाळ्यापर्यंत एक चक्कर मारून या. आल्यावर फिल्टर उजेडाकडे धरून बघा. तळाशी थोडी तपकिरी पूड आली तर तो शिवणीतला उरलासुरला गंज आहे. फिल्टर बदला आणि महिन्यानं पुन्हा बघा. काळे पापुद्रे आले तर गाडी लावा, टाकी उतरवा आणि बॅटरी घेऊन या.